तीन खटक्यांचा एक फोटो

झोलाईदेवीने मला एक फोटो मंजूर केला होता. मी तीन काढायला निघालो आणि दुसऱ्याच खटक्याला गावाने मला पकडलं. महाडात इतकी वर्षं स्टुडिओ चालवला, लग्नं काढली, बारशी काढली, एकदा तर चुकून दुसऱ्याच नवरदेवाची अख्खी वरात काढली. पण माझ्या ट्रायपॉडचा पाय धरून 'ह्यो आता हलवायचा नाय' असं मला कोणी बजावलं ते त्या एकदाच. त्या फोटोची गोष्ट सांगतो. तीत माझी फजिती आहे, म्हणून मीच सांगितलेली बरी. दुसऱ्याने सांगितली तर तो पदरचं घालेल.

माझा स्टुडिओ एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. सकाळी बिरवाडीहून कारखान्याच्या गेटपाससाठी पोरं यायची, दुपारी आखातात निघालेल्यांचे पासपोर्ट फोटो, आणि वैशाखात लग्नंच लग्नं. मी धंद्यात वाईट नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. गेटपासच्या फोटोत माणूस चोर न दिसता कामगार दिसावा, ही कला फार थोड्यांना साधते. मला साधली होती. शिवाय मुरूम, कांजिण्यांचे व्रण, पुढचा पडका दात हे सगळं मी असं नाहीसं करायचो की नवरीच्या आईने अल्बम बघून विचारावं, ही कोण? ही मोडकं दिसलं की दुरुस्त करायची सवय लक्षात ठेवा. ती पुढे नडणार आहे.

आमच्या धंद्याचं एक जुनं दुखणं आहे, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. तुम्ही घराच्या ओटीवर उभे राहा. आत चूल, बाहेर अंगणात दुपारचं ऊन. तुम्हाला आतली चूलही दिसते आणि अंगणातली कोंबडीही दिसते. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम दिसत नाही. कोंबडी नीट हवी असेल तर चूल काळीकुट्ट होते. चूल नीट हवी असेल तर अंगण पांढरंफटक होतं, कोंबडीसकट. फ्लॅश मारला तर चुलीजवळ बसलेली म्हातारी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. फिल्मच्या जमान्यात आम्ही यावर एकच उपाय करायचो. गिऱ्हाइकाला बाहेर अंगणात उभं करायचो.

मग डिजिटल कॅमेरे आले, दुकानात कॉम्प्युटर आला, आणि दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला इक्बालभाई सुट्टीवर आले. इक्बालभाई माझे शाळेपासूनचे मित्र, वयाने दोन इयत्ता पुढे. मस्कतला मोठ्या फोटो लॅबमध्ये कामाला होते. सुट्टीवर येताना ते सगळ्या मोहल्ल्यासाठी अत्तर आणायचे. माझ्यासाठी त्या खेपेला सीडी आणली.

"विनायका, हे बघ," ते म्हणाले, "तुझ्या कोंबडीचा आणि चुलीचा तंटा आता मिटला."

त्या प्रकाराला एचडीआर म्हणतात, हाय डायनॅमिक रेंज. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा. एकाच जागेवरून एकाच चौकटीचे तीन फोटो काढायचे. पहिला अगदी कमी उजेड घेऊन, म्हणजे बाहेरचं ऊन, आकाश, डोंगर नीट येतो आणि आतलं सगळं बुडतं. दुसरा मधला. तिसरा बराच वेळ शटर उघडं ठेवून, म्हणजे आतला कानाकोपरा दिसतो आणि बाहेरचं सगळं जळून पांढरं होतं. मग तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये घालून त्यांचा एक करायचा.

"समज, नाक्यावर टेम्पोने रिक्षाला धडक दिली," इक्बालभाईंनी मला समजावलं. त्यांच्या घरी ट्रान्सपोर्टचा धंदा, त्यामुळे दाखले तसलेच. "तीन साक्षीदार आहेत. एकाने फक्त टेम्पो बघितला. एकाने फक्त रिक्षा बघितली. तिसऱ्याने दोन्ही बघितलं, पण बाबाने चष्मा घातला नव्हता. पंच काय करतात? ज्याला जे नीट दिसलं तेवढंच त्याच्याकडून घेतात."

"म्हणजे सॉफ्टवेअर पंच झालं."

"पंच झालं. पण पंचाला डोकं तू द्यायचंस, हे विसरू नको."

मी तेवढंच विसरलो.

पहिला प्रयोग घरी केला. माझी बायको सुमन स्वयंपाकघरात खिडकीपाशी भाकऱ्या थापत होती. मागे खिडकीतून शेजारच्यांचा माड उन्हात चमकत होता. तिला म्हटलं, अजिबात हलू नकोस. ती म्हणाली, तवा तापलाय, तो थांबणार आहे का? तीन फोटो काढले आणि दुकानात येऊन कॉम्प्युटरला लावले. तेव्हा भारनियमनाचे दिवस. आमचा कॉम्प्युटर तीन फोटो एकत्र करायला इतका वेळ घ्यायचा की तोवर वीज जायची, आणि वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या-पाचव्या खेपेला फोटो तयार झाला. खिडकीतला माड सुरेख आला होता. तव्यावरची भाकरी सुरेख आली होती. सुमनला तीन माना आणि सहा हात आले होते.

तिने फोटो शांतपणे पाहिला आणि म्हणाली, "अहो, माना तीन केल्यात, आता मंगळसूत्रंही तीन करा."

तेव्हा कळलं, की या फोटोत हलणारं काही चालत नाही. माणूस, गुरं, वाऱ्यावरची फांदी, सगळ्यांची भुतं होतात. मग मी न हलणाऱ्या वस्तूंच्या मागे लागलो. पाचाडला रायगडाच्या पायथ्याशी खाणावळ चालवणाऱ्या एका मावशींना बोर्डासाठी ताटाचा फोटो हवा होता. ताट हलत नाही, म्हणून मी खूश. सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर असतात. डावीकडे सरकवला की साधं, उजवीकडे सरकवला की भडक. मी सगळे उजव्या टोकाला नेले. भाकरीवरचा एकेक डाग चंद्रावरच्या खड्ड्यासारखा उठून आला. पिठलं आतून पेटल्यासारखं दिसायला लागलं.

मावशी म्हणाल्या, "भाऊ, फोटू भारी हाय. पर ह्यो बघून मानूस जेवायला नाय यायचा, वैद्याकडं जायाचा."

मी मनात म्हटलं, मावशींना नव्या तंत्राची जाण नाही. असा माझा आत्मविश्वास होता. अजूनही आहे, फक्त आता तो थोडा विचारून पुढे जातो.

अशा दिवसांत धोंडू गुरव दुकानात आले. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कुशीत एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक मला अजून लग्नाच्या ऑर्डरी देतात. त्या गावच्या झोलाईची पूजा धोंडूबाबांकडे. उंच, ताठ, बोलायला तिखट, आणि फोटोत स्वतः आलंच पाहिजे असा हट्ट धरणारे. दोन वेळा पासपोर्ट फोटो काढून गेले होते, पासपोर्ट नसताना.

त्या दिवशी मात्र त्यांना स्वतःचा फोटो नको होता.

"आमच्या देवळाचा काडायचाय," ते म्हणाले. "मंडपाचा. मुंबयवाल्यांनी पाडायचा ठरवलाय."

गावातली निम्मी माणसं मुंबईत. त्यांचं मंडळ आहे, आणि गावात जे काही नवं होतं ते मंडळामुळे होतं, हे धोंडूबाबांनाही मान्य होतं. मंडळाने ठरवलं होतं, जुना लाकडी सभामंडप पाडून स्लॅब घालायचा, खाली टाइल्स, बाजूला ग्रिल. कुणीतरी मोबाइलवर मंडपाचा फोटो काढून मुंबईला नेला होता. त्यात काळोख सोडून काहीच नव्हतं. मंडळाचे चिटणीस कदम बैठकीत म्हणाले होते, हा तर काजळीचा डबा आहे, यात ठेवण्यासारखं काय आहे?

"आता पुढल्या बैटकीत पक्कं व्हनार," धोंडूबाबा म्हणाले. "मी सांगून आयकत नायत. म्हनतात, गुरवाला बदल नको असतो. त्यांना दिसंल असा फोटू द्या. काळोखात काय हाय त्ये दिसूं दे, आन दारातनं आमचा डोंगरबी दिसूं दे."

आत काळोख आणि दारात डोंगर! माझी कोंबडी आणि चूलच चालून आली होती. मी म्हटलं, धोंडूबाबा, अख्ख्या जिल्ह्यात हा फोटो काढू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तुम्ही त्याच्या समोर बसलात. जिल्ह्याबद्दल मला काही माहिती नव्हती, पण बोलून गेलो.

गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. उन्हातून मंडपात शिरलो आणि मला काहीही दिसेना. डोळे थोडे स्थिरावल्यावर खांब दिसायला लागले. सागवानी, काजळीने काळे, आणि वरपासून खालपर्यंत कोरलेले. वेली, हत्ती, पोपट, एकावर तर हुक्का ओढणारा माणूस. धोंडूबाबांनी सांगितलं, गावातल्या प्रत्येक भावकीचा एक खांब आहे. गावकीची बैठक भरली की जो तो आपापल्या भावकीच्या खांबाला टेकून बसतो. कोण आलं नाही ते रिकाम्या खांबावरून कळतं, हजेरी घ्यावी लागत नाही.

"खांब गेलं तर मानसं कुटं बसायची?" ते म्हणाले. "खुर्चीवर? खुर्ची काय कुनाच्या भावकीची नसती."

फोटो देवीच्या बाजूने काढायचा होता, म्हणजे देवीला जसा मंडप दिसतो, खांब आणि पलीकडे दार आणि दारात डोंगर, तसा. त्यासाठी मला गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर देवीकडे पाठ करून उभं राहावं लागणार होतं. ते विचारल्याशिवाय चालणार नव्हतं. धोंडूबाबांनी कौल लावला. ओल्या फुलाच्या पाकळ्या देवीच्या दगडाला दोन्ही बाजूंना चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्यो महाडचा फोटूवाला. तुज्याकडं पाट करून एक फोटू काडतो म्हनतो. मान्य असंल तर उजवी दे." मंडपात जमलेलं गाव पाकळ्यांकडे बघत राहिलं. थोड्या वेळाने उजवी पाकळी अलगद खाली आली. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले.

मी ट्रायपॉड लावला. सगळ्यांना बाहेर काढलं, कारण मला सहा हातांचं गाव नको होतं. पहिला खटका, डोंगरासाठी. दुसरा खटका, मधला.

"ए फोटूवाल्या!" दारातून एक म्हातारा ओरडला. "दोन झालं!"

बघता बघता गाव आत आलं. आईने एक दिला होता, ह्याने दोन घेतले. मी म्हटलं, अजून एक राहिलाय. हे ऐकून तर गलका दुप्पट झाला. मी शांतपणे समजावायला गेलो आणि इक्बालभाईंचा दाखला वापरला.

"हे बघा, हे तीन फोटो म्हणजे तीन साक्षीदार..."

"कसलं साक्षीदार?" एकजण पुढे आला. "क्येस घातली काय मंडळानं?"

"मी कोर्टात येनार नाय," दुसरा म्हणाला आणि खरंच बाहेर पडायला लागला.

"अहो केस नाही! समजा, टेम्पोने रिक्षाला धडक दिली..."

"कुनाच्या टेम्पोनं?"

तेव्हाच कुणीतरी खाली बसून ट्रायपॉडचा पाय धरला आणि तो हलवायचा नाय असं मला सांगितलं. त्यांना वाटलं, मी निसटणार. खरं तर माझ्यावर त्यांचे उपकारच झाले. ट्रायपॉड तसूभर जरी हलला असता तर तिसरा फोटो पहिल्या दोन फोटोंवर बसला नसता, आणि तिसरा नसता तर आतले खांब आलेच नसते. डोंगर आला असता. डोंगर पाडायचं कोणीच म्हणत नव्हतं.

गाव आपापल्या खांबांना टेकून बसलं. बैठकच भरली. शेवटी धोंडूबाबा म्हणाले, "आपन कशाला भांडताव? जिनं दिला तिलाच इचारू." पुन्हा पाकळ्या, पुन्हा गाऱ्हाणं. "आई, ह्यो म्हनतो तीन खटकं मिळून फोटू एकच व्हतो. खरं असंल तर उजवी दे, आमाला फसवत असंल तर डावी दे."

पाकळ्या हलेनात. बाहेर ऊन सरकत होतं. दाराच्या चौकटीची सावली उंबऱ्यावरून पुढे निघाली होती आणि मला तिच्याकडे बघून घाम फुटत होता. डावी पाकळी जरा सुटल्यासारखी झाली. मग उजवी पडली.

"आई म्हनते, तीन म्हंजे एक," धोंडूबाबांनी जाहीर केलं आणि माझ्याकडे असं बघितलं जणू ही गोष्ट त्यांना पहिल्यापासून माहीत होती. एचडीआरची इतकी थोडक्यात व्याख्या मी नंतर कुठेही वाचली नाही.

सगळ्यांना पुन्हा बाहेर काढून मी तिसरा खटका मारला. पहिले दोन पुन्हा काढायची सोय नव्हती. पाच म्हणजे एक, हे विचारायला पुन्हा कौल लावा असं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

दुकानात आल्यावर सावलीने सूड उगवला. पहिल्या दोन फोटोंत ती एका जागी, तिसऱ्यात दुसऱ्या जागी. एकत्र केल्यावर उंबऱ्यावर दोन सावल्या दिसायला लागल्या. आता शहाण्या माणसाने काय करावं? थांबावं, हाताने एकेक भाग बघून जोडावा. मी स्लायडर उजवीकडे नेले. माणसाला काही लपवायचं असलं की तो रंग चढवतो, तसा मी चढवला. दुसरी सावली त्या झगमगाटात बुडाली. काजळी चमकायला लागली, वेली उठल्या, हुक्केवाल्याच्या मिशा मोजता याव्यात इतकं सगळं उजळलं. दारातला डोंगर हिरव्या रंगाने ओला झाल्यासारखा आणि त्याच्याभोवती पांढरी कड, जणू डोंगरालाच प्रभावळ. एका खांबावरच्या पोपटाची चोच मोडलेली होती. हात आपोआप गेला. शेजारच्या पोपटाची चोच उचलली आणि ह्याला लावली. नवरीचा मुरूम काढावा तितक्या सहज.

सुमनने प्रिंट बघितली. "देवळात ट्यूबलाइट लावल्यात का हो?"

मी तिला 'तंत्राची जाण नाही' या यादीत मावशींच्या खाली घातलं.

धोंडूबाबा मात्र फोटोसमोर कितीतरी वेळ उभे राहिले. "आपलं देऊळ येवडं देखनं हाय?" म्हणाले. माझी छाती फुगली. मोठी प्रिंट गुंडाळून त्यांनी मुंबईला धाडली आणि बैठकीची वाट बघत बसले.

बैठक झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानातला फोन वाजला. चिटणीस कदम होते.

"फोटो तुम्ही काढलात ना? मग मला सांगा, मंडपाला पॉलिश कुणी केलं? मंडळाला न विचारता?"

"पॉलिश? कुणी नाही केलं."

"मला येडा समजता काय? सगळे खांब चमकतायत. आणि आमच्या भावकीच्या खांबावर नवा पोपट कुणी बसवला? जुन्याला चोच नव्हती. ह्याला हाय! गुरवाने परस्पर काम करून घेतलंय. आम्ही रविवारी येतोय. स्लॅबवाल्याला घेऊनच येतोय, एकदाच काय तो निकाल लावतो."

फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा कळलं की मी काय करून बसलोय. खांब वाचवण्यासाठी काढलेला फोटो धोंडूबाबांना खोटारडा ठरवत होता. आणि गुरव खोटा ठरला की त्याचं कोणी काय ऐकणार? खांब तर गेलेच.

रविवारी मी गेलो. जायला नको वाटत होतं, पण धोंडूबाबांचा निरोप होता, "चोच तुमी लावलीत, तुमीच येऊन सांगा." इक्बालभाई अजून सुट्टीवर होते, ते स्वतःची गाडी घेऊन सोबत आले. महाड मागे पडलं, पोलादपूरचा चढ लागला, आणि ते एवढंच म्हणाले, "पंचाला डोकं द्यायचं राहिलं वाटतं."

जीपमधून कदम आणि मंडळाचे चार-पाच जण उतरले. मागून हातात टेप घेतलेला स्लॅबवाला. कदमांच्या हातात माझी प्रिंट होती, गुंडाळी करून लाठीसारखी धरलेली. सगळे भर उन्हातून मंडपात शिरले.

"कुठाय पॉलिश?" कदम म्हणाले. "च्यायला, टोटल काळोख आहे! काय दिसत नाय."

"आदी बसा," धोंडूबाबा गाभाऱ्यातून म्हणाले. "माजी पूजा चाललीय. मंग भांडू."

देवीची पूजा चालू असताना उभं राहून कोण भांडणार? मुंबईची माणसं चाचपडत बसली. आणि तेव्हा मी बघितलं, कोणीही मध्ये बसलं नाही. दिसत नव्हतं तरी जो तो आपापल्या खांबाकडे गेला आणि पाठ टेकून बसला. कदम डावीकडच्या तिसऱ्या खांबाला. फक्त स्लॅबवाला, मी आणि इक्बालभाई उभे राहिलो, कारण आम्हाला तिथे टेकायला काही नव्हतं.

घंटी वाजत होती, धूप येत होता. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ ती पूजा चालली. धोंडूबाबांनी मुद्दाम लांबवली असेल तर मला माहीत नाही. हळूहळू माणसांच्या माना वर व्हायला लागल्या. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं, "अरे, हुक्केवाला बघ. लहानपणी ह्याला घाबरायचो आपन."

कदमांचा हात पाठीमागे खांबावर फिरत होता. फिरता फिरता थांबला.

"चोच नाय," ते म्हणाले.

मग वळून त्यांनी दोन्ही हातांनी तीच जागा पुन्हा चाचपली.

"चोच नाय ह्याला! ती मीच फोडलेली. दगड मारून. बापानं ह्याच खांबाला बांधून ठेवलेला मला, संध्याकाळपर्यंत." ते एकदम हसायला लागले. मग हसू थांबलं आणि त्यांनी माझी प्रिंट उघडली. "मग ह्याच्यात कुठून आली?"

"मी लावली," मी म्हटलं.

"का?"

"मोडकी दिसत होती म्हणून."

"मोडकीच हाय ती! तुम्हाला कुणी सांगितली शिवायला?"

माझ्या वतीने इक्बालभाई म्हणाले, "लग्नाचे फोटो काढतो ना तो. त्याला मोडकं बघवत नाही."

पूजा आटोपली. धोंडूबाबा बाहेर आले, बाह्या सरसावून, भांडायच्या तयारीने. पण कदम उठलेच नव्हते. खांबाला टेकूनच त्यांनी स्लॅबवाल्याला हाक मारली.

"ओ, तुम्ही वरच्या छपराचं माप घ्या. पत्रे बदलायला लागतील. खांबांचं नको."

स्लॅबवाल्याने टेप वर धरली. धोंडूबाबांच्या सरसावलेल्या बाह्या तशाच राहिल्या. भांडण अंगात तयार होतं आणि घालायला जागा उरली नव्हती, म्हणून ते माझ्यावर ओरडले, "आन तुमी! परत असला ट्यूबलाइटचा फोटू द्याल तर बघा!"

म्हणजे सुमन बरोबर होती. त्या यादीतून तिला त्याच दिवशी काढलं.

निघताना कदमांनी प्रिंट माझ्या हातात दिली. "मंडळाच्या खोलीत लावायला दुसरी करा. आणि ती चोच मोडून द्या." माझ्या सगळ्या धंद्यात मोडून द्या म्हणणारं गिऱ्हाईक तेवढं एकच.

पुन्हा कौल लावायची गरज नव्हती. देवीने दिलेले तीन खटके माझ्या कॉम्प्युटरमध्ये तसेच होते. या वेळी स्लायडरना हात लावला नाही. तीन फोटो एकावर एक ठेवले, पाटावर पाट ठेवतात तसे, आणि वरच्या पाटात जिथे हवं तिथे ब्रशने भोक पाडून खालचा दिसू दिला. दारातला डोंगर पहिल्यातून घेतला. उंबऱ्यावरची सावली दुसऱ्यातली ठेवली, एकच. खांब तिसऱ्यातून, पण अर्धेच. वरची आढी, कोपरे, छपराच्या खालचा भाग काळा राहू दिला. रोज थोडं करायचो, वीज जायची, वीज आली की करायचो. हात थांबला पाहिजे तिथे थांबवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी पोपटाची चोच काढली. ती लावायला क्षण लागला होता, काढताना मात्र हात जड झाला.

नवी प्रिंट सुमनला दाखवली. ती थोडी लांब धरून म्हणाली, "आधी काही दिसलं नाही हो. मग दिसायला लागलं."

मुंबईच्या खोलीत त्यातली एक प्रिंट लागली. मग खांब तसेच ठेवून छप्पर नवं झालं, आणि दुसरी प्रिंट धोंडूबाबांनी देवळासाठी नेली. पुढच्या शिमग्याला त्या गावात एका लग्नाच्या ऑर्डरीची बोलणी करायला गेलो होतो, तेव्हा देवळात डोकावलो. उन्हातून आत गेलो, इकडेतिकडे बघितलं, फोटो कुठेच दिसेना. मला वाटलं, फेकून दिला असेल.

"बाबा, फोटो कुठंय?"

त्यांनी सगळ्यात काळोख्या कोपऱ्याकडे बोट केलं. मी डोळे बारीक केले तरी मला नुसती काळी चौकट दिसली.

"अहो, इथं कोणाला दिसणार तो?"

"बसंल त्याला दिसंल," धोंडूबाबा म्हणाले, आणि मला टेकायला गाभाऱ्याजवळचा स्वतःचा खांब मोकळा करून दिला.